आकाशाचा सातबारा : होतकरू नियामकांसाठी सात सोपे धडे

हे गाईड कोणासाठी?

अभिनंदन! तुमची नेमणूक झाली आहे. कामाचं ठिकाण आभाळ, पगार मात्र जमिनीवरच मिळेल. मोबाइल कंपन्यांच्या लहरी वापरून उपग्रहावरून थेट साध्या फोनवर जी सेवा सुरू झाली आहे, तिच्यावर तुम्हाला देखरेख ठेवायची आहे. पूर्वानुभवाची अट नाही, कारण असा अनुभव असलेली माणसं जगातच मोजकी आहेत. इंजिनिअर असाल तर थोडा त्रास होईल, वकील असाल तर जरा जास्त. सगळ्यात कमी त्रास होईल तो गावाकडे ज्यांचं दोन-चार एकर शेत आहे आणि बांधावरून ज्यांचं चुलत्याशी बोलणं बंद आहे, त्यांना. त्यांना हा विषय येतोच, फक्त शब्द नवे शिकायचे आहेत.

धड्यांसाठी उदाहरण अमेरिकेचं घेतलं आहे. तिथल्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, मार्च २०२४ मध्ये या सेवेची सविस्तर नियमावली मंजूर केली आणि पुढच्या वर्षभरातच तिची पहिली गाठ सैल केली. शिकायला याहून चांगलं शेत नाही.

लागणारं साहित्य

रेंज नसलेला भरपूर प्रदेश. खिशातला साधा मोबाइल, एक नग. पळते उपग्रह, काही शे. लहरींचा एक अरुंद पट्टा. त्या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना शेजारी, दोघेही चिडके. हरकतींची जाड वही. डेसिबेलचा तक्ता. आणि मिळाल्यास एक चक्रीवादळ.

धडा १ : वस्तू ओळखा

सॅटेलाइट फोन आणि ही सेवा यांत गल्लत करू नका. सॅटेलाइट फोन म्हणजे गावातला तो सधन माणूस, ज्याची जमीन स्वतःची, विहीर स्वतःची आणि ज्याचं कुणावाचून अडत नाही. इरिडियम किंवा इनमारसॅट यांच्याकडे उपग्रहांसाठीच राखलेल्या लहरी आहेत आणि त्या पकडायला वेगळा, दांडगा फोन लागतो. भारतात असा फोन विनापरवाना बाळगणं हा गुन्हा आहे. डोंगर चढायला आलेल्या परदेशी पाहुण्यांना ही गोष्ट बहुधा विमानतळावरच्या तपासणीत कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

नव्या सेवेत फोन तुमचा नेहमीचा, लहरीही मोबाइल कंपनीच्या नेहमीच्याच. फक्त टॉवर वर गेला आहे. आणि नुसता वर गेला नाही, तर पळत सुटला आहे. स्पेसएक्सच्या स्टारलिंकचे या कामाचे उपग्रह साधारण ३६० किलोमीटर उंचीवरून, ताशी सत्तावीस हजार किलोमीटरच्या आसपास धावतात. टॉवर उगवतो, काही मिनिटांत मावळतो, तोवर मागून दुसरा येतो. पळत्या गाडीच्या शिटीचा सूर बदलतो तशी या टॉवरची लहर सरकते, आणि अंतरामुळे उत्तरालाही उशीर होतो. हा सगळा हिशेब उपग्रहानेच सांभाळायचा, फोनला पत्ता लागू द्यायचा नाही. फोन आपला समजतो की हा कोपऱ्यावरचाच टॉवर आहे.

फोनचा आवाज फार बारीक, जेमतेम वॅटचा पाचवा हिस्सा. मग ऐकणाऱ्याने कान मोठे करायचे. टेक्सासच्या एएसटी स्पेसमोबाइलने सप्टेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या ब्लूवॉकर ३ चा अँटेना ६४ चौरस मीटरचा होता. एप्रिल २०२३ मध्ये त्यावरून टेक्सासच्या मिडलँडमधून जपानला फोन लागला, तोही दुकानात मिळणाऱ्या साध्या सॅमसंगवरून. याच कंपनीचा पुढचा, ६,१०० किलोचा उपग्रह २४ डिसेंबर २०२५ रोजी आपल्या श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम ३ रॉकेटने वर गेला. त्याचा पत्रा सुमारे २२३ चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनची पावणेतीन कोर्टं.

एक गोष्ट पाठ करा. वरून येणारा किरण जमिनीवर कित्येक किलोमीटर रुंद पडतो आणि त्याखाली जेवढे फोन, तेवढ्यांत तो वाटला जातो. एकच पातेलं, पंगत मोठी. म्हणून सुरुवात एसएमएसपासून होते. जानेवारी २०२४ मध्ये स्पेसएक्सचे असे पहिले सहा उपग्रह वर गेले आणि आठवड्याभरात पहिला एसएमएस झाला. ग्राहकांसाठी सेवा रीतसर सुरू व्हायला मात्र जुलै २०२५ उजाडला. मधली दीड वर्षं कुठे गेली, ते पुढच्या धड्यांत.

धडा २ : सातबारा वाचा

लहरींकडे जमीन म्हणून पाहायची सवय लावा. ऑगस्ट २०२२ मध्ये टी-मोबाइल आणि स्पेसएक्स यांनी टेक्सासमध्ये आपली जोडी जाहीर केली. जमीन टी-मोबाइलची, नांगर स्पेसएक्सचा. आपल्याकडे याला शेत खंडाने देणं म्हणतात. एफसीसीची नियमावलीही मुळात याच कल्पनेवर उभी आहे: मोबाइल कंपनीने आपली परवाना असलेली लहर उपग्रहवाल्याला भाड्याने द्यायची आणि दोघांनी मिळून आयोगाच्या दारात यायचं. जमीन नसलेल्याने नुसता नांगर घेऊन येऊ नये.

आता उतारा काढा. फोनने वर बोलायला १९१० ते १९१५ मेगाहर्ट्झ, उपग्रहाने खाली बोलायला १९९० ते १९९५. पाच-पाच मेगाहर्ट्झच्या दोन पट्ट्या. कागदोपत्री नाव पीसीएस जी ब्लॉक. आपण गट नंबर जी म्हणू.

नवशिके इथेच थांबतात आणि फसतात. उताऱ्याच्या मागचे फेरफार वाचायचे असतात. ही जमीन टी-मोबाइलने विकत घेतलेली नाही, ती वारशाने आलेली आहे. २०२० मध्ये स्प्रिंट ही कंपनी टी-मोबाइलमध्ये विलीन झाली, तिच्यासोबत गट जी आला. स्प्रिंटकडे तो नेक्स्टेलकडून आला, २००५ च्या विलीनीकरणात. आणि नेक्स्टेलला तो मिळाला कसा? नेक्स्टेलची सेवा ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालायची आणि त्याच शिवारात पोलिस आणि अग्निशमन दलांचे वायरलेस संच होते. नेक्स्टेलच्या टॉवरजवळ गेलं की पोलिसांचा वायरलेस बंद पडायचा. आयोगाने २००४ मध्ये तोडगा काढला: नेक्स्टेलने तिथून आपल्या खर्चाने बाजूला व्हावं, पोलिसांची नवी घडी बसवून द्यावी आणि बदल्यात १.९ गिगाहर्ट्झमध्ये हा तुकडा घ्यावा.

म्हणजे ज्या जमिनीवरून आज बांधाचं भांडण चालू आहे, ती जमीनच मुळात बांधाच्या भांडणात मिळालेली आहे. सही करण्याआधी सहाव्या नमुन्याची जुनी पानं चाळा. सगळं तिथे असतं.

धडा ३ : तुकडेबंदी

टॉवरचं बरं असतं. त्याची उंची ठरलेली, तोंड ठरलेलं. टेकडीच्या अलीकडे एका कंपनीचा, पलीकडे दुसरीचा, असं वाटून देता येतं. उपग्रहाचं तसं नाही. पाऊस गट नंबर बघून पडत नाही.

म्हणून आयोगाने तुकडेबंदीसारखी अट घातली. एका सलग, स्वतंत्र प्रदेशात त्या लहरीचे जेवढे मालक असतील, ते सगळे एका बाजूला असले तरच वरून पाऊस पाडायचा. असे सहा प्रदेश धरले: मुख्य भूमी, अलास्का, हवाई, पोर्टो रिको आणि व्हर्जिन बेटं, ग्वाम आणि उत्तर मारियाना बेटं, आणि अमेरिकन सामोआ. एका कोपऱ्यात एखादी बारकी कंपनी त्याच लहरीवर टॉवर चालवत असेल आणि तिने मान हलवली नसेल, तर अख्ख्या मुख्य भूमीचा पाऊस अडतो. गट जी टी-मोबाइलकडे देशभर एकहाती होता म्हणून स्पेसएक्सची गाडी आधी निघाली. एएसटीला मात्र एटी अँड टी आणि व्हेरायझन, म्हणजे एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन मोठे जमीनदार, दोघांनाही आपल्या बाजूला घ्यावं लागलं. मे २०२४ मध्ये तो योग आला. त्यांच्या ८५० मेगाहर्ट्झच्या तुकड्यांना तुकडा लावला की जवळपास सगळं शिवार भरतं. भाऊबंद एकत्र येण्याचं कारण नेहमी प्रेमच असतं असं नाही.

हा धडा घरच्या जमिनीवर करून पाहा. भारतात मोबाइलच्या लहरी २२ सर्कलमध्ये वाटून विकल्या जातात. मुंबई वेगळं सर्कल, उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरं, कर्नाटक तिसरं. एका कंपनीकडे महाराष्ट्रात जी पट्टी आहे ती कर्नाटकात दुसऱ्याच कंपनीकडे असू शकते. आता आंबोलीच्या दरीत अडकलेल्या ट्रेकरसाठी किरण टाका. तो सावंतवाडीवर पडेल, चंदगडवर पडेल, उत्तर गोव्यावर पडेल, इथवर ठीक. पुढे तो बेळगावातही सांडेल. या वाक्याचा सीमाप्रश्नाशी काही संबंध नाही. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्यात उपग्रहाला नवा प्रतिवादी करू नये, ही विनंती.

धडा ४ : बांध

हा धडा सावकाश वाचा. परीक्षेत निम्मे गुण याच्यावर असतात.

नांगर कितीही नेमका धरला तरी तो बांधाला घासतो. प्रत्येक यंत्र आपल्या पट्टीबाहेर थोडंफार सांडतंच. जमिनीवरच्या टॉवरचं सांडणं आसपास जिरतं. उपग्रहाचं सांडणं जिल्हेच्या जिल्हे व्यापून खाली येतं. गट जी चं खालचं बोलणं १९९० ला सुरू होतं, त्याच्या अलीकडच्या अंगाला १९७५ ते १९९० हा गट सी आहे आणि तिथे एटी अँड टीसारख्यांचं बागायत उभं आहे. पलीकडे १९९५ ते २००० हा गट एच. तो तेव्हा इकोस्टार या कंपनीकडे होता.

बांध आखायचा म्हणजे आकडा ठरवायचा. आयोगाने मार्च २०२४ मध्ये ठरवलेला आकडा असा: दर चौरस मीटरला, दर मेगाहर्ट्झला, उणे १२० डेसिबेल-वॅट. घाबरू नका. एका वॅटचे एक लाख कोटी समान भाग करा आणि त्यातला एक घ्या. तेवढीच धूळ शेजाऱ्याच्या एका चौरस मीटरवर उडालेली चालेल. आणि ती एका उपग्रहाची नव्हे, त्या क्षणी वर असलेल्या सगळ्यांची मिळून.

स्पेसएक्स म्हणाली, फार घट्ट आहे. आम्हाला उणे ११०.६ द्या, नाहीतर बोलणं आणि व्हिडिओ नीट चालणार नाही, आणि सगळ्या पट्ट्यांना एकच माप लावणं बरोबर नाही.

कागदावर फरक ९.४ चा आहे. आपण रोज बाजारात असले फरक सोडून देतो. पण डेसिबेल हे असं माप आहे की कागदावर बोटभर सरकलं तर शेतात नांगरटभर सरकतं. ९.४ डेसिबेल म्हणजे ८.७ पट. शेजाऱ्याकडे एक पाटी माती जायची तिथे जवळपास नऊ पाट्या जाणार. नवशिक्याने ही वजाबाकी करून "एवढंच ना?" म्हणू नये. आणि "नऊ पट! अरे बापरे!" असंही म्हणू नये, कारण नऊ पट कशाच्या, हे विचारल्याशिवाय हा आकडा कामाचा नाही. एक लाख कोटीव्या भागाच्या नऊ पट ही धूळही असू शकते आणि पिकाच्या नाकातोंडात जाणारी धूळही असू शकते. शेजारी किती नाजूक पीक घेतो, यावर ते ठरतं.

शेजाऱ्यांनी आपलं पीक नाजूक असल्याचं सांगितलं. एटी अँड टीने हिशेब मांडला की आपल्या गट सी च्या एका नमुन्याच्या भागात फोनकडे येणाऱ्या डेटाचा वेग सरासरी १८ टक्क्यांनी घटेल. व्हेरायझन, इकोस्टार आणि ओम्निस्पेस या कंपन्यांनीही हरकती नोंदवल्या. स्पेसएक्सने त्यांच्या हिशेबातल्या गृहीतकांवर बोट ठेवलं. दोन्हीकडचे तक्ते रंगीत होते.

आता तुमचं कौशल्य. आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सेवेला परवानगी दिली आणि बांधाचा प्रश्न बाजूला ठेवला. मग ७ मार्च २०२५ रोजी त्याने उणे ११०.६ ला मान्यता दिली, या अटीवर की शेजाऱ्याला खरोखरच त्रास झाला तर स्पेसएक्सने तो दूर करायचा. यातली क्रियापदं पाहा. नियम बदलला नाही, शिथिल केला. सगळ्यांसाठी नाही, या अर्जदारासाठी, या गटापुरता. नियम पुस्तकात जागच्या जागी आहे, शेत मात्र सरकलं. या बारकाव्यात नियामकाच्या नोकरीची सगळी सुरक्षितता आहे.

पण एक गोष्ट या धड्यात शिकायचीच आहे. आकडा हा बांध नव्हेच. "त्रास झाला तर" हे तीन शब्द म्हणजे बांध. त्रास झाला हे कोण सांगणार, कोणाच्या वहीत, कोणत्या पुराव्याने, यावर जमिनीची खरी हद्द ठरते. ज्याच्याकडे मोजणीचं यंत्र आणि वकील आहे, त्याच्या बांधाला वजन असतं. हे वाक्य अधोरेखित करून ठेवा, शेवटी लागेल.

धडा ५ : पूर आला तर

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलीन चक्रीवादळ अमेरिकेत घुसलं. पश्चिम नॉर्थ कॅरोलायनातल्या डोंगराळ भागात रस्ते वाहून गेले, टॉवर बंद पडले. तोवर स्पेसएक्सची फाइल आयोगाच्या टेबलावरच होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आयोगाने तात्पुरती परवानगी दिली आणि त्या भागातल्या फोनवर आणीबाणीचे इशारे आणि एसएमएस वरून जाऊ लागले.

इथे नवशिक्यांचे दोन गट पडतात. एक म्हणतो, पुरात चालतं तर एरवी का नाही? दुसरा म्हणतो, नियमाआधी परवानगी दिलीच कशी? दोघांनाही नापास करा. पुरात तलाठी आधी माणसं शाळेत हलवतो आणि पंचनामा नंतर करतो. पण शाळेत राहिलेल्यांच्या नावावर शाळा करून देत नाही.

याच धड्यात ९११ येतं. अमेरिकेत आणीबाणीचे फोन घेणारी पाच हजारांहून अधिक केंद्रं आहेत, प्रत्येकाचा इलाखा वेगळा. टॉवरवरून फोन आला की जवळचं केंद्र कळतं. शेकडो किलोमीटर वरून, मावळत्या टॉवरमधून आलेल्या फोनला जवळचं केंद्र कुठलं? आयोगाने सांगितलं की फोनच्या ठावठिकाण्यावरून योग्य केंद्राकडे पाठवा, किंवा मध्ये माणूस बसवा, जो "कुठे आहात?" विचारून जोडून देईल. इतक्या यंत्रांनंतर शेवटी कुणीतरी "कुठे आहात?" विचारणारं लागतंच.

धडा ६ : शीव

थोडक्यात आटपू. टेक्सासवर टाकलेला किरण मेक्सिकोत सांडू नये, मेनवर टाकलेला कॅनडात. शेजारी देशाच्या टॉवरला त्रास द्यायचा नाही आणि त्याच्यामुळे आपल्याला झालेल्या त्रासाची तक्रारही करायची नाही, असा आंतरराष्ट्रीय रिवाज पाळून सध्या काम चाललं आहे. म्हणजे भाड्याने राहणाऱ्याने वरच्या मजल्यावरच्या नाचाबद्दल बोलायचं नाही, तसं. शिवेवर कायमची दगडं रोवायची असतील तर जगभरच्या रेडिओ परिषदेत जावं लागतं. २०२३ ची परिषद दुबईत झाली आणि तिने हा विषय अभ्यासाला लावला: साधारण ६९४ मेगाहर्ट्झपासून २.७ गिगाहर्ट्झपर्यंत मोबाइलच्या लहरी उपग्रहांना उघडपणे देता येतील का? निकाल २०२७ मध्ये, शांघायला. तोवर उपग्रहांची फेरी दर दीड तासाला एक या हिशेबाने चालू राहील.

धडा ७ : पडीक जमीन

बारावा नमुना कशाचा असतो? पिकाचा. सातमध्ये जमीन कोणाची ते कळतं, बारामध्ये त्याने तिचं केलं काय ते.

इकोस्टारकडे लहरींची मोठी जमीन होती. २०२५ च्या मे महिन्यात आयोगाने विचारणा सुरू केली की ही जमीन कसली जाते आहे की पडीक आहे. स्पेसएक्सचं म्हणणं होतं की पडीकच आहे, आम्ही कसून दाखवू. मग ऑगस्टमध्ये इकोस्टारने काही लहरी एटी अँड टीला सुमारे २३ अब्ज डॉलरना विकण्याचा करार केला. सप्टेंबरमध्ये उरलेल्यांतल्या काही स्पेसएक्सला सुमारे १७ अब्ज डॉलरना.

त्या दुसऱ्या करारात कोणकोणते गट होते ते पाहा. एक एडब्ल्यूएस-४. दुसरा गट एच.

हो, तोच. बांध कोरला जातोय म्हणून ज्याने हरकत घेतली होती, त्यानेच बांधालगतचं शेत कोरणाऱ्याला विकायला काढलं. आपल्याकडच्या कोणत्याही तालुक्यात या गोष्टीचं कुणालाही नवल वाटणार नाही. बांधाचे तंटे कोर्टात संपत नाहीत, खरेदीखतात संपतात. आणि स्पेसएक्स, जी खंडाने शेत करायला आली होती, ती आता स्वतःच खातेदार होऊ पाहते. दुसऱ्या धड्यातलं "जमीन नसलेल्याने नुसता नांगर घेऊन येऊ नये" हे वाक्य तिने मनावर घेतलेलं दिसतं.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका

"जगात कुठेही रेंज" ही जाहिरात अक्षरशः घेणं. सेवेला मोकळं आकाश लागतं. छताखाली, दाट झाडीत, अरुंद घळीत तिचं काही खरं नाही.

फोनला विसरणं. तुमचा फोन आभाळाशी बोलू लागला की कायद्याच्या लेखी तो भूकेंद्र होतो आणि त्यालाही परवानगी लागते. खिशात भूकेंद्र घेऊन फिरणाऱ्याला आपण काही गुन्हा करतो आहोत असं वाटू नये, याची तजवीज तुम्ही करायची.

सगळे शेजारी सारखेच मोठ्याने ओरडतील असं समजणं. स्वाध्यायातल्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर वाचा.

स्वाध्याय

प्र. १. रिकाम्या जागा भरा. (अ) नियम ____ नाही, शिथिल केला. (आ) पाऊस ____ बघून पडत नाही.

प्र. २. जोड्या लावा. 'अ' गट : खंड, बांध, तुकडेबंदी, पडीक. 'ब' गट : लहरी भाड्याने देणं, पट्टीबाहेरचं सांडणं, सगळे मालक एका बाजूला, न वापरलेला परवाना.

प्र. ३. कारणे द्या. उणे १२० आणि उणे ११०.६ यांतला फरक एका शेजाऱ्याला धूळ वाटतो, दुसऱ्याला पूर.

प्र. ४. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी एक रकाना असतो. त्याचं नाव काय? त्यात काय लिहितात?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर गाईडमध्येच देत आहोत, कारण ते बहुतेक जण कोरं सोडतात.

त्या रकान्याचं नाव "इतर अधिकार". मालकी दुसऱ्याची, पण विहिरीत अमक्याचा चौथा हिस्सा, बांधावरून तमक्याची गाडीवाट, अशा नोंदी तिथे असतात. ज्यांची जमीन नाही पण ज्यांचं त्या जमिनीवाचून अडतं, त्यांची जागा ती.

आकाशाच्या सातबाऱ्यावर हा रकाना जवळपास मोकळा आहे. पहिलं नाव दुर्बिणींचं लिहा. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्रीन बँकची रेडिओ वेधशाळा सांभाळण्यासाठी १९५८ मध्ये भोवतालचा सुमारे ३४,००० चौरस किलोमीटरचा प्रदेश शांत ठेवायचा असं ठरलं. तो नियम जमिनीवरच्या टॉवरसाठी आहे. डोंगरही मदतीला आहेत. वरून येणाऱ्या किरणाला डोंगर आड येत नाही. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांनी स्पेसएक्सशी बोलून, दुर्बिणीच्या नेमक्या नजरेसमोर उपग्रह आला की किरण दुसरीकडे वळवायची पद्धत बसवली आहे. आपल्या नारायणगावजवळ खोडदलाही ४५ मीटरच्या तीस तबकड्या आभाळाकडे कान लावून आहेत. त्या ज्या लहरी ऐकतात त्यांत मोबाइलच्या काही पट्ट्याही येतात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती जागा निवडली ती तिथल्या शांततेसाठी. दुर्बिणी लहरी विकत घेत नाहीत, त्यांचं बागायत नाही, वेग १८ टक्के घटला असं सांगणारा रंगीत तक्ताही त्यांना जमत नाही. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली कुजबुज ऐकू आली नाही, तर ऐकू आली नाही हे कळायचं तरी कसं?

दुसरं नाव लिहा दरीतल्या माणसाचं. सगळा खटाटोप त्याच्या नावाने चालला आहे. प्रत्येक अर्जाच्या पहिल्या पानावर तो असतो, पाय मुरगळलेला, अंधार पडत असलेला. एक बाजू म्हणते, बांध घट्ट केला तर त्याचा आवाज पोचणार नाही. दुसरी म्हणते, सैल केला तर आमच्या टॉवरखालच्या कोट्यवधींना कमी ऐकू येईल. दोन्ही बाजू त्याच्यासाठी बोलतात. तो मात्र वहीत कधीच दिसत नाही, कारण हरकती ऑनलाइन मागवल्या जातात आणि त्याच्याकडे रेंज नाही.

म्हणून होतकरू नियामका, इतर अधिकाराच्या रकान्यात एक ओळ स्वच्छ अक्षरात लिही: "या आकाशातून अडलेल्याची हाक जाण्याची वहिवाट." पेन्सिलने नको. शाईने लिही, खाली तारीख घाल आणि दोन्ही शेजाऱ्यांना नोटीस पाठव. मग घरी जा, जेव, झोप. उद्या सकाळी बांध तिथेच असेल, फार तर वीतभर सरकलेला.